तात्पुरता राजा

कंपनीत बाईंचं काम चुका काढण्याचं होतं, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

कंपनी संगणकावर खेळायचे खेळ बनवायची. सध्याचा खेळ प्राचीन इराणच्या एका सम्राटाच्या दरबारात घडत होता. खेळणारा माणूस कुठल्याशा लांबच्या प्रांतातून खंडणी घेऊन राजधानीत येतो, दरबारात पाय ठेवतो आणि डोकं लढवत थेट सम्राटाच्या कानाला लागण्याइतका वर चढतो, असा सगळा मामला. चित्रकारांनी दरबारातले खांब काढले की बाई सांगायच्या, खांबावरचे दगडी बैल पाठीला पाठ लावून हवेत. सेवकाच्या हातात काचेचा आरसा दिसला की म्हणायच्या, काच नको, घासून चकचकीत केलेला धातू दाखवा. बाजाराच्या चित्रात एका टोपलीत लालबुंद टोमॅटो होते. ते बाईंनी पाहताक्षणी काढायला लावले.

"किती सुंदर दिसत होते," चित्रकार मुलगी कळवळून म्हणाली होती.

"दिसू देत. तेव्हा ते जगाच्या दुसऱ्या टोकाला होते. तिथून इथे यायला त्यांना अजून दोन हजार वर्षं लागायची आहेत."

या नोकरीआधी बाई शाळेत इतिहास शिकवत. तिथून निवृत्त झाल्या, आणि घरी बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं म्हणून ही नोकरी धरली. हाक मात्र शाळेतून सोबत आली. त्यांच्या निम्म्या वयाची पोरं त्यांना बाई म्हणत, आणि कंपनीचे साहेबसुद्धा बाईच म्हणत.

कचेरी जुन्या सूतगिरणीच्या वरच्या मजल्यावर होती. खिडक्या उंच, उजेड भरपूर, पण जमीन अशी उतरती की चाकाची खुर्ची मोकळी सोडली तर आपली आपण भिंतीकडे निघायची. दुपारी सगळे लांब टेबलाशी एकत्र जेवत आणि बाई त्यांच्यात बसत. पोरांचं निम्मं बोलणं त्यांना कळत नसे, पण शेजारच्याचं कोपर लागायचं, कोणी न विचारता त्यांच्या डब्यात हात घालायचं. दिवसभरात माणसाचा स्पर्श होई तो तेवढाच. बाईंनी हे कोणाला सांगितलं नसतं, पण त्यांना ते ठाऊक होतं.

घरी दोन खोल्या, त्यातली एक रिकामी. बाईंना एक धाकटी बहीण होती. आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोघींची लग्नं झाली नाहीत. एकीने ठरवून केलं नाही, दुसरीचं ठरवायचं राहून गेलं. धाकटी दुसऱ्या शहरात एका इस्पितळात नर्स होती. आता तीही निवृत्त होणार होती आणि महिनाअखेर कायमची ताईकडे राहायला येणार होती. रिकाम्या खोलीत बाईंनी पलंग आणून टाकला होता. धाकटी त्यावर झोपणार नाही, याची त्यांना खात्री होती. लहानपणापासून ती ताईच्या अंथरुणात घुसायची आणि बर्फासारखे पाय ताईच्या पोटऱ्यांना लावायची. नको म्हटलं की आणखी लावायची. आयुष्यात तिने कोणाचं ऐकलं नव्हतं. डॉक्टरांचंसुद्धा ती मनाला पटलं तरच ऐके.

रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा.

"काय गं ताई, तुझा राजा जेवला का?"

"जेवला. एकटाच."

"एकटा का? अंगावर सांडतो की काय?"

"पाहुणे बाहेरच्या दालनात बसतात. राजा आत, पडद्याआड. त्याला ते दिसतात, त्यांना तो दिसत नाही."

"म्हणजे तुझंच की गं! तूही ताट घेऊन खिडकीत बसतेस आणि रस्त्यावरची माणसं बघत जेवतेस."

"मी नाही बघत."

"बघतेस. आता येतेच आहे मी. माझं थोबाड बघत जेव. भूक मेली तर मला बोलू नकोस."

बाई फोन ठेवून बराच वेळ हसत. मग ताट घेऊन खिडकीत बसत.

*

दरबाराचं दृश्य हा खेळाचा कणा होता, आणि बाईंनी त्यात जीव ओतला. त्यांच्यापुढे त्या काळच्या कोरीव दगडांची छायाचित्रं होती, ग्रीक लोकांनी लिहून ठेवलेल्या हकिकती होत्या. दगडात सम्राट उंच आसनावर बसलेला. पाय जमिनीला लागू नयेत म्हणून पायाखाली चौरंग. समोर एक अधिकारी किंचित वाकून उभा आणि त्याचा हात स्वतःच्या तोंडासमोर धरलेला. आपला श्वास राजापर्यंत पोचू नये म्हणून, असा त्याचा अर्थ जाणकार लावत. बाह्या लांब, आणि राजासमोर हात त्या बाह्यांच्या आत ओढून घ्यायचे, म्हणजे हातात शस्त्र धरता येत नाही. राजासमोर कोणी बसायचं नाही. राजाने बोलावल्याशिवाय जवळ जायचं नाही. निघताना पाठ दाखवायची नाही, हा शेवटचा नियम बाईंनी इतर दरबारांच्या चालीवरून घातला होता, आणि तसं त्यांनी टिपणात स्पष्ट लिहिलंही होतं.

हे सगळं पडद्यावर उतरवायचं काम एका प्रोग्रामरकडे होतं. त्याला सगळे कासव म्हणत. पाठीवरची भलीमोठी बॅग तो खुर्चीत बसल्यावरही काढत नसे, आणि कामाची चालही त्या प्राण्याचीच. पण त्याचं काम एकदा झालं की पुन्हा हात लावावा लागत नसे.

एका सकाळी त्याने बाईंना बोलावलं. पडद्यावर दरबार भरला होता. खांबांच्या रांगा, धुपाची पात्रं, मधोमध उंच आसन, आणि आसनावर एक करड्या रंगाची, कपडे न घातलेली, चेहऱ्याच्या जागी नुसता आकार असलेली बाहुली.

"हा कोण?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही."

"म्हणजे?"

"राजाचं काम करणारा नट अजून ठरला नाही. तोपर्यंत आसनावर कोणीतरी लागणारच ना. तुम्हाला बसवलंय. तात्पुरतं."

दरबारातल्या गर्दीसाठी कंपनीने आपल्याच माणसांची शरीरं वापरली होती. एका गोल खोलीत मधोमध उभं राहायचं, चारी बाजूंनी कॅमेरे, आणि यंत्र माणसाची आकृती उचलून घ्यायचं. बाईही उभ्या राहिल्या होत्या.

"मीच का?"

"बाकीचे सगळे कुठे ना कुठे हललेत. साहेबांना तीन कान आलेत. तुम्ही एकट्याच हलला नाहीत, बाई. श्वास तरी घेत होता का, असं वाटावं इतकी साफ आकृती आली."

"परीक्षेच्या वर्गावर उभं राहून राहून सवय झाली."

मागून चित्रकार मुलगी आली, तिने पडद्याकडे पाहिलं आणि टाळीच वाजवली. "अय्या, महाराणी! मुजरा घ्या!"

"मुजरा नाही गं, मुजरा फार नंतरचा," बाई म्हणाल्या. "इथे असं." त्यांनी तोंडासमोर हात धरून दाखवला.

मुलीने तसाच हात धरला आणि त्याच्याआड खुदकन हसली. कासवानेही धरला. मग तिघंही हसले.

त्यानंतर बाईंनी त्यांचं नेहमीचं काम केलं. चूक काढली.

"हे सगळे नियम तू आसनाला बांधलेस का?"

"हो. आसन मधोमध. कोण आसनापासून किती लांब, त्यावरून तो कसा वागेल ते ठरतं."

"चुकलं. हा सम्राट एका जागी राहायचाच नाही. उन्हाळ्यात एक राजधानी, थंडीत दुसरी, मधले दिवस तंबूत. आसन मागे राहिलं म्हणून दरबार मागे राहतो का? राजा ओढ्याकाठी बसला तर ओढ्याकाठी दरबार. खुर्चीला नको बांधूस, माणसाला बांध."

कासवाने डोकं खाजवलं. "म्हणजे या शरीराला बांधू?"

"या शरीराला बांध."

त्यात त्याचा आठवडा गेला. झाल्यावर त्याने बाहुलीला आसनावरून उठवून चालवून दाखवलं. बाहुली पायऱ्या उतरली, खांबांमधून अंगणात गेली. तिच्या पुढचा अख्खा दरबार तिच्याकडे तोंड करून, अंतर राखून, मागे मागे सरकत गेला. शंभरेक माणसं, सगळ्यांचे हात तोंडांवर. बाहुली थांबली की थांबत. वळली की वळत. बाई खोट शोधत बराच वेळ बघत राहिल्या. खोट नव्हती.

*

पुढे कधी तरी, नेमकं कधी ते बाईंना आठवून सांगता आलं नसतं, कासव त्यांना पाहून उठून उभा राहायला लागला. बाईंना बरं वाटलं. पोराला वळण लागलं म्हणायचं. मग चित्रकार मुलगी बोलताना तोंडासमोर हात धरू लागली.

"दात दुखतोय का गं?"

"नाही. का?"

"हात धरलायस म्हणून."

मुलीने हाताकडे पाहिलं. चष्मा डोक्यावर असताना घरभर चष्मा शोधणाऱ्याने आरशात पाहावं तसं पाहिलं. हात खाली घेतला. पुढच्या वाक्याला तो पुन्हा वर होता.

दुपारच्या टेबलाशी बाई आल्या की पोरं उठत. कोणाला काम आठवे, कोणाचा फोन येई. डबे तसेच उघडे ठेवून ती खिडक्यांपाशी जाऊन उभी राहत आणि बाईंचं जेवण होईपर्यंत बसत नसत. बाईंना वाटलं, थट्टा चालली आहे. त्या हसल्या. कोणी हसलं नाही.

"साहेब, पोरांना सांगा आता. पुरे झाली गंमत," त्या साहेबांना म्हणाल्या.

"कसली गंमत, बाई?" साहेबांनी विचारलं. ते आपल्या टेबलाच्या पलीकडे उभे होते. गरमीचे दिवस होते, तरी त्यांनी सदऱ्याच्या बाह्या बोटांच्या टोकापर्यंत ओढून घेतल्या होत्या.

बाई चक्रावल्या, पण डगमगल्या नाहीत. माणूस वयाबरोबर आपल्याच अंगाचा वास ओळखेनासा होतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी साबण बदलला. कपडे दोनदा धुतले. मग मनात आलं, कचेरीचं एक असेल, पण इमारतीतल्या लिफ्टचं काय? खाली सहासात माणसं थांबलेली असत. बाई आत शिरत आणि बाकी कोणी शिरत नसे. दार मिटेपर्यंत सगळे तसेच उभे, तोंडं आत केलेली.

किराणावाला आधी पिशवी हातात द्यायचा, वर दोन शब्द बोलायचा. आता तो पिशवी ओट्यावर ठेवून मागच्या फळ्यांपर्यंत सरकायचा.

"काय हो, मी खाते का तुम्हाला?"

"छे हो. घ्या ना," तो हाताआडून म्हणाला. त्याचा आवाज अगदी नेहमीचा होता. खेळीमेळीचा. बाईंना त्या आवाजाचीच भीती वाटली.

बसमधलं त्यांना सगळ्यात लक्षात राहिलं. त्या चढल्या तेव्हा बस भरलेली होती. त्या मागच्या बाजूला जाऊन बसल्या. थोड्या वेळाने मान वर केली तर आसनं रिकामी होती आणि सगळी माणसं पुढच्या भागात दाटीवाटीने उभी होती. दांड्या धरून, गचक्यांनी डोलत. त्यांच्यात एकही पाठमोरं नव्हतं. पुढे ड्रायव्हरची पाठ होती, पण त्याने आपला आरसा फिरवून घेतला होता, आणि आरशात त्याचे डोळे होते. रस्त्यावर नसलेले.

बाई पुढच्याच थांब्यावर उतरल्या. उद्यापासून पायी जायचं त्यांनी ठरवलं. कोणाचा जीव जायला नको.

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी त्यांनी धाकटीलाही सांगितली नसती. त्या दातांच्या डॉक्टरकडे गेल्या. दात दुखत नव्हता. पण दातांच्या डॉक्टरला जवळ यावंच लागतं, आणि त्याच्या तोंडावर पट्टी असणं हे त्याच्या धंद्यातलंच. त्या आडव्या खुर्चीत पडल्या, वर दिवा लागला, आणि त्यांनी तोंड उघडून डोळे मिटले. काही होईना म्हणून डोळे उघडले. डॉक्टरीण खोलीच्या दुसऱ्या भिंतीला टेकून उभी होती. हात पूर्ण लांब केलेला, हाताच्या टोकाला छोटा आरसा.

"सगळं उत्तम आहे," ती तिथूनच म्हणाली.

*

फोनवर धाकटी धाकटीच होती. बाई त्या एका फोनवर दिवस काढत होत्या.

"ताई, मी सामान पाठवलंय गं. तीन खोकी. एकात नुसत्या चपला आहेत, बोलू नकोस."

"नाही बोलत."

"आज का नाही बोलत? आजारी आहेस का?"

"तू ये लवकर."

"अगं बाई! आयुष्यात पहिल्यांदा म्हणालीस. थांब, तारीख लिहून ठेवते."

दुसऱ्या दिवशी बाई तडक कासवाच्या टेबलाशी गेल्या. तो उठला आणि भिंतीपर्यंत मागे गेला. पाठीवरची बॅग भिंतीला लागली.

"माझी ती बाहुली आसनावरून काढ," बाई म्हणाल्या. स्वतःच्या कानांना ते वेडगळ वाटलं, तरी म्हणाल्या.

"ती कधीच काढली, बाई." हाताआडून. "नट आला. त्याचं शरीर बसवलं. तुमचं पुसून टाकलं."

"दाखव."

त्याने टेबलाच्या कडेने, तोंड त्यांच्याकडेच ठेवून, हात लांब करून कळ दाबली. दरबार उघडला. आसनावर आता खराखुरा सम्राट होता. कुरळी दाढी, जांभळा झगा, पायाखाली चौरंग. सुरेख जमला होता. त्याच्यासमोर शंभरेक दरबारी उभे होते.

त्यातला एकही त्याच्याकडे बघत नव्हता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ केली होती. सगळ्यांचे चेहरे पडद्याबाहेर, बाईंच्या दिशेने वळलेले होते आणि हात तोंडांवर.

बाई एक पाऊल डावीकडे सरकल्या. माना सरकल्या.

बाई उजवीकडे गेल्या.

"हा एक घोळ आहे खरा," कासव म्हणाला. "आम्ही शोधतोय. सापडत नाही."

"आणि तू तोंडावर हात का धरलायस?"

त्याने खरोखर विचार केलेला दिसला. कपाळावर आठी पडली. "असाच असतो की," तो शेवटी म्हणाला.

पडद्यावर आसनावरचा सम्राटही उठला होता. तो चौरंगावरून उतरला, गर्दीच्या शेवटी जाऊन उभा राहिला, आणि त्याने हात वर नेला.

बाईंनी पिशवी उचलली आणि त्या बाहेर पडल्या. त्यांच्यासमोरची पोरं दारापर्यंत मागे मागे सरकत गेली, आणि दाराशी दोन बाजूंना झाली.

*

त्यानंतर बाई घराबाहेर पडल्या नाहीत. गरजच नव्हती. घरात पीठ होतं, चहा होता, आणि धाकटी यायला थोडेच दिवस उरले होते. त्यांनी स्वतःशी नीट मांडून पाहिलं. धाकटी त्या कचेरीत कधी आली नव्हती. तिने तो खेळ पाहिला नव्हता. आणि काही झालं तरी ती धाकटी होती. दरबार काय, खुद्द सम्राट समोर आला असता तरी तिने त्याच्या पोटरीला गार पाय लावले असते.

त्यांनी पलंगावर धुतलेली चादर घातली. नंतर काढली आणि घडी करून ठेवली. कशाला उगाच.

तो फोन एका संध्याकाळी, अजून उजेड असताना आला.

"ताई, उद्या दुपारी पोचते."

बाईंनी फोन कानाशी दाबून धरला. "तुझा आवाज असा का येतोय?"

"कसा?"

"दाबल्यासारखा. तोंडावर काय धरलंयस?"

"काही नाही. का?"

"धाकटे, खरं सांग. तोंडावर हात आहे का?"

पलीकडे इस्पितळातल्या ट्रॉलीची चाकं वाजत लांब गेली.

"असाच असतो की," धाकटी म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी घंटी वाजली. बाईंनी सकाळीच खिडकीपाशी टेबल ओढून घेतलं होतं आणि दोन कप मांडले होते. त्यांनी दार उघडलं.

उंबऱ्यापाशी कोणी नव्हतं. धाकटी जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होती, जितकं लांब उभं राहता येईल तितकं. पायाशी बॅग. स्वेटरच्या बाह्या बोटांवरून खाली ओघळलेल्या. केस पिकले होते, फोनवर ते दिसत नसत.

हात तोंडावर होता.

"आत ये," बाई म्हणाल्या.

ती लगेच आली. भिंतीला धरून, बाईंकडे तोंड करून, बाईंना वळसा घालून. बाई एक पाऊल पुढे झाल्या तशी ती एक पाऊल मागे झाली. कपाटाला पाठ लागली तेव्हा थांबली.

"काय झालं गं तुला?"

"कुठे काय, ताई?"

बाईंनी चहा ओतला. ती उभीच. चहावर साय धरली. रस्त्यावरून माणसं जात होती, आणि खिडकीखाली आली की थांबून वर बघत होती.

"बस ना," बाई म्हणाल्या.

धाकटी बसली. शब्द पुरा होण्याआधी बसली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. लहानपणी आईने बस म्हटलं की ही पोर झाडावर चढायची.

"हात काढ."

हात खाली आला. ओठ घट्ट मिटलेले होते.

"माझ्याशी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. थट्टा कर माझी."

धाकटीचे डोळे बाईंच्या चेहऱ्यावर होते. त्यात राग नव्हता, भीती नव्हती. हुकमाची वाट पाहणारं लक्ष तेवढं होतं.

"कोणती थट्टा करू, ताई?"

बाईंनी टेबलाची कड धरली. डोळ्यांत पाणी आलं, तशी धाकटीने नजर खाली वळवली.

"उठ."

ती उठली.

"जवळ ये."

ती आली. आणखी जवळ, बाईंनी म्हटलं, आणि ती आणखी जवळ आली. गेल्या कित्येक दिवसांत इतकं जवळ कोणी आलं नव्हतं. स्वेटरला इस्पितळाच्या साबणाचा वास होता.

"मिठी मार मला."

धाकटीने मिठी मारली. हात बरोबर होते, जोर बरोबर होता. हनुवटी नेहमीसारखी खांद्यात रुतली. अंग ऊबदार होतं. बाईंनी डोळे मिटले.

खाली रस्ता गप्प झाला होता.

बऱ्याच वेळाने बाईंच्या लक्षात आलं की धाकटीची छाती हलत नाहीये. मान बाहेरच्या बाजूला वळवलेली होती. गालाला गाल लागत होता आणि त्या गालात रक्त ठोके देत होतं, जोरात, मग आणखी जोरात. कानाशी श्वास नव्हता. तिने तो धरून ठेवला होता.

सोड म्हणायला हवं होतं. एवढा एकच शब्द.

म्हणते, बाईंनी स्वतःला सांगितलं, आणि हात आणखी घट्ट केले.